डाव्या कोपऱ्याची जागा

जुईनगरला आमच्या बिल्डिंगमागच्या मैदानावरच्या क्लबात मी आठ वर्षं कबड्डी खेळले. तेव्हा मी मुलांच्या संघात होते, डाव्या कोपऱ्यात. चढाई करणारा आत आला की त्याचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही, एवढंच काम. ते मला चांगलं जमायचं. मी मुलगा नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. क्लबातल्या कुणाला माहीत नव्हतं.

मग चार वर्षं मी तिकडे फिरकले नाही. डॉक्टर, औषधं, कागदपत्रं, आईचं रडणं आणि नंतर ते हळूहळू थांबणं, यात ती वर्षं गेली. वाशीच्या मार्केटजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी लागली. आधार कार्डावर नवं नाव आलं त्या आठवड्यात मी जुने बूट शोधून काढले आणि क्लबात गेले.

सर तिथेच होते. साताऱ्याकडचे, पूर्वी मार्केटात माथाडी, आता निवृत्त. मला पकड शिकवली ती त्यांनीच. मला बघून ते उठले आणि प्लास्टिकची खुर्ची पुढे केली.

"बऱ्याच दिसांनी येणं झालं."

"सर, मला पुन्हा खेळायचंय. मुलींच्या संघात."

"बसायचं की. चहा घेणार?"

पूर्वी 'लेका', 'गाढवा' म्हणणारे सर. आता 'आला' म्हणावं की 'आली', हे ठरत नव्हतं म्हणून ते प्रत्येक वाक्य वळसा घालून बोलत होते. मला वाटलं, हरकत नाही, होईल सवय.

महिना-दीड महिना मी मुलींबरोबर सराव केला. पहिले दोन दिवस कुणी माझ्या अंगावर येईना. पण कबड्डीत लाजून भागत नाही. तिसऱ्या दिवशी एकीने कंबर धरून मला आपटलं आणि बाकीच्या हसल्या. मीही मातीत पडल्या पडल्या हसले. औषधांनी ताकद उतरली होती, धाप लागायची, पण समोरच्याचा पाय कुठे पडणार ते मला अजून आधीच कळायचं. मुली 'ताई' म्हणायला लागल्या.

मग कमिटीकडे तक्रार गेली. पालकांची, असं सांगण्यात आलं. मीटिंगला मला बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "जिल्ह्याचा नियम काय हाय ते इचारून घेतो. तवर बाहेर बसून बघायला काय हरकत नाही." दोन महिने मी बाहेर बसून बघितलं. नियम कुणी विचारला नाही. मी स्वतः लिहून दिलेला अर्ज ऑफिसच्या टेबलावर व्हॉलीबॉलच्या पंपाखाली पडलेला दिसायचा.

तोंडावर खरं बोलली ती एकटीच. मुलींच्या संघात डाव्या कोपऱ्यात खेळायची ती. एकोणीस वर्षांची, खाडीकाठच्या गावातली, आई मासळी विकणारी. एका संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसली आणि गुडघ्याचं क्रेप बँडेज सोडवत म्हणाली, "ताई, ती चिठ्ठी मीच लिवली. बापाची सही घेतली फक्त."

"का गं?"

"संघात सातच जनी खेळतात. तू आलीस की माझी जागा गेली. मला पोलीस भरतीला खेळाडूंच्या कोट्यातून फॉर्म भरायचा हाय." बँडेजची गुंडाळी करत म्हणाली, "तुझं वाईट काय लिवलं नाय. आमाला भीती वाटते, एवढंच लिवलं."

"वाटते का?"

"तुझी नाय वाटत."

तिच्यावर मला धड रागावताही आलं नाही. तिच्याकडे निदान गमावण्यासारखं काहीतरी होतं. कमिटीला ते एक वाक्य पुरलं.

मार्चमध्ये महिला दिनाला सरांचा फोन आला, सत्कार ठेवलाय, यायचं. मैदानात मांडव, खुर्च्या, नगरसेवक. निवेदक माईकवर म्हणाला, "आपला क्लब कुणालाही वगळत नाही." टाळ्या पडल्या. मला शाल आणि श्रीफळ दिलं. येताना मी ठरवून आले होते की माईक मागायचा आणि दोन महिन्यांचं सगळं सांगायचं. वाक्यं पाठ होती. पण दुसऱ्या रांगेत ठेवणीतली साडी नेसून आई बसली होती. चारचौघांत माझ्या नव्या नावाला टाळ्या पडताना ती पहिल्यांदाच ऐकत होती. मी "धन्यवाद" म्हटलं आणि खाली उतरले. कमिटीने केलं त्यापेक्षा हे मला जास्त लागतं. माझा हसरा फोटो क्लबाच्या ग्रुपवर आजही आहे.

पुढच्या सोमवारी मी बूट घेऊन गेले. सर चुन्याने आखणी करत होते. मान वर न करता म्हणाले, "सत्कार झाला की आता. आणखी काय पाहिजे?"

त्यानंतर मी गेले नाही.

हिवाळ्यात त्या मुलीचा फोन आला. जिल्हा स्पर्धेची उपांत्य फेरी दुसऱ्या दिवशी होती आणि समोरच्या संघातली उंच मुलगी हिच्या हातून निसटायची. मी तिला अर्धा तास समजावलं: नजर तिच्या तोंडाकडे नको, मागच्या टाचेवर ठेव, बोनस रेषेसाठी तिने पाय उचलला की घोटा धर. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, 'जमलं ताई. पन कुनाला सांगू नको तू शिकवलंस म्हनून.' मी 'छान' असं लिहिलं.

मैदान बिल्डिंगच्या मागेच आहे, सगळं ऐकू येतं. त्यांचा सराव सुरू व्हायच्या वेळेला मी मागच्या बाजूच्या खिडक्या लावून घेते. आई विचारते, इतकं उकडतंय आणि खिडक्या कशाला लावतेस. डास येतात, असं मी सांगते.