बस्तीमागच्या तळ्यातले मासे

बाबासो मगदूम यांनी आयुष्यभर एसटी चालवली आणि निवृत्त झाल्यावर मासे सांभाळले. कोल्हापूरहून जाताना हुपरीच्या अलीकडे आत फुटणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाव आहे. गावात जैनांची जुनी बस्ती, म्हणजे मंदिर, आणि बस्तीच्या मागे दगडी पायऱ्यांचं तळं. त्या तळ्यात कुणी गळ टाकत नाही, जाळं लावत नाही, पोरं पोहतसुद्धा नाहीत. तिथल्या माशांना सकाळी ज्वारीच्या लाह्या घालायच्या, हा रिवाज बाबासोंच्या वडिलांनी पाळला आणि ते गेल्यावर कुणी न सांगता बाबासोंकडे आला. नोकरीत पहिली गाडी न्यायची असली की त्यांच्या पत्नी रत्नाबाई लाह्या टाकून यायच्या. खंड कधी पडला नाही.

माणूस अबोल. बोलायचं काम कंडक्टरचं, आपलं रस्ता बघायचं, असं ते म्हणत. पण रस्त्याचा विषय निघाला की मात्र खुलायचे. सगळ्यांत जास्त वर्षं त्यांनी गगनबावड्याची गाडी चालवली होती. त्यांच्या स्वतःच्या गावाकडे पाऊस बेताचा. माळावर बाभळी, बोरी आणि पायाला टोचणारं कुसळी गवत. ऊस दिसतो तो सगळा नदीच्या पाण्यावरचा. कोल्हापूर मागे टाकून कळे गावाच्या पुढं गेलं की झाडं उंच व्हायला लागतात. साळवणच्या पुढं ती एकमेकांना खेटून उभी राहतात. गगनबावडा येईपर्यंत खोडांवर शेवाळ, जांभळीची दाटी, आणि भर दुपारी गाडीचे दिवे लावावेत असा काळोख.

"एका तिकिटात दोन मुलूख बघायला मिळत्यात," ते म्हणायचे. "सूर्य त्योच, सरकार तेच. पाऊस तेवढा येगळा, की झाड येगळं, पाखरू येगळं, माणसाचं जेवणबी येगळं."

समोरच्या काचेतून त्यांना अशी झाडांवरून हवा वाचता यायची. पाण्याचं तसं नसतं. पाण्याच्या आतही एक मुलूख असतो आणि त्यालाही ऊन-पाऊस घडवतो नाही तर मोडतो, पण तो वरून दिसत नाही. बाबासोंना तो दिसला सत्तरीत, आणि फार महागात दिसला.

पूर्वी गावचा ओढा आषाढापासून दिवाळीपर्यंत तळ्यात थोडं थोडं पाणी आणून घालायचा. अलीकडे तो तसा वागत नाही. पाऊस येतो तो एकदम येतो, ओढा रस्त्यावर चढतो, तळ्यात पाण्यापेक्षा गाळ जास्त आणतो आणि आठवड्यात आटतो. दरवर्षी तळ थोडा थोडा वर येत गेला. त्यात या वर्षी शिमग्यालाच मे महिन्यासारखं ऊन पडलं. अक्षय तृतीयेला तळ्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या. बाबासोंनी त्या पायऱ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या. पाणी हिरवंगार, पालक वाटून घातल्यासारखं, आणि हात घातला तर कोमट लागायचं.

मग सकाळी मासे वर येऊ लागले. उजाडायच्या वेळी सगळं तळं तोंडांनी भरलेलं असायचं. पाण्याच्या वर गोल उघडी तोंडं, मिटत होती, उघडत होती.

"उपाशी हायत गं," बाबासो घरी येऊन रत्नाबाईंना म्हणाले. "तळ्यात खायाला काय उरलंच न्हाय त्यांना."

रत्नाबाईंनी लाह्या वाढवल्या. त्या उकाड्यात चुलीसमोर बसून, पदराने घाम पुसत, कढईतल्या तापल्या वाळूत मूठ मूठ ज्वारी टाकायच्या. लाह्या पुरेनात तेव्हा कणकेच्या गोळ्या केल्या. बाबासोंचं बघून गावातल्या बायकाही शिळी चपाती कुस्करून आणू लागल्या. सकाळी आणि संध्याकाळी पायऱ्यांवर जत्रा. तोंडं मात्र उघडीच राहिली.

पहिला मेलेला मासा बाबासोंनाच दिसला. हातभर लांब, पांढरं पोट वर करून पायरीला लागलेला. त्यांनी तो बस्तीच्या भिंतीकडेला खड्डा खणून पुरला. दुसऱ्या दिवशी आणखी होते. मग खड्डे खणायचं काम रोजचंच झालं. गुडघे आधीच गेलेले, त्यात खोरं. दुपारी ते नुसते भिंतीला टेकून बसायचे. झोप यायची नाही, जेवण जायचं नाही. आपल्या वडिलांनी सांभाळलेलं तळं आपल्या हातात मरणार, हा एकच विचार.

त्यांचा मुलगा जिनेश हुपरीत पैंजण घडवतो. रविवारी घरी आला तो म्हणाला, "दादा, टेम्पो आणतो. टाक्यांत भरू आणि नदीत सोडू. सुटलात तुम्ही."

रत्नाबाई पाणी गाळत बसल्या होत्या. त्यांच्या घरी आजही विहिरीचं पाणी दुपदरी फडक्याने गाळतात, आणि फडक्यावर जे सूक्ष्म जीव राहतात ते पाण्याच्या धारेने धुऊन परत त्याच विहिरीत सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. हातातलं फडकं न सोडता त्या म्हणाल्या, "एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात सोडायचा नसतो. मरतो त्यो. डोळ्याला न दिसणाऱ्या किड्यासाठी एवढं करतोय आपण, आन् हातभर मासा टेम्पोत घालतोस व्हय?"

"मग इथं मरू देत," जिनेश म्हणाला आणि त्याला लगेच वाईट वाटलं. तो वडिलांच्या शेजारी बसून राहिला. 

गावाला लागून नदीकाठी भोयांची घरं आहेत. तिथला गुंडू पंचगंगेत जाळं टाकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी हा गुंडू खांद्यावर जाळं घेऊन तळ्याच्या कट्ट्यावर सावलीला टेकला होता, नुसता टेकला होता, तर बाबासोंनी त्याला सगळ्या गावासमोर उठवलं होतं. तेव्हापासून दोघांत रामराम नव्हता. बाबासो त्याच्याकडे चालत गेले. उन्हातून, गुडघे धरत, वाटेत दोनदा बसून.

गुंडू दारात जाळं विणत होता. त्याने मान वर केली. "या पावणं," तो म्हणाला. गावातल्याच माणसाला पावणं म्हणणं म्हणजे टोमणा, हे बाबासोंना कळलं. ते ऐकून घेऊन उंबऱ्यावर टेकले.

"मासं मरालीत, गुंडू."

"ऐकलोय."

"खायाला घालालोय दोन्ही वक्ताला. तरी मरालीत. तू येऊन बघ जरा."

गुंडूने विणायची सुई खाली ठेवली. "येतो. जाळं घरात ठिवून येतो, न्हायतर परत उठवशीला."

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघं पायरीवर उभे होते. तोंडं वर आलेली होती. गुंडू म्हणाला, "टाका बघू लाह्या."

बाबासोंनी मूठभर टाकल्या. लाह्या माशांच्या तोंडापाशी तरंगत राहिल्या. एक लाही तर एका उघड्या तोंडाला लागून बाजूला गेली. माशाने ती घेतली नाही.

"भूक न्हाय अण्णा ती," गुंडू म्हणाला. "दम लागलाय त्यांस्नी. पाणी तापलं की त्यातला वारा जातोय. उरलेला वारा रात्री ह्ये पाण्यातलं हिरवं शेवाळ वढतंय, आन् तुमच्या लाह्या खाली जाऊन कुजत्यात, त्याबी वढत्यात. पहाटंला तळ्यात काय शिल्लकच नसतंय. म्हणून वर येऊन तोंड उघडत्यात."

बाबासोंनी लाह्यांची पिशवी खाली ठेवली. "म्हंजे मीच मारलो."

"ऊन मारालंय. तुम्ही हातभार लावलाय एवढंच."

गुंडू गोड बोलणारा माणूस नव्हे. पण तोच पुढं म्हणाला, "नदीत सोडायचा इचार करू नका. ह्या उन्हात निम्मं वाटंतच जातील. ऱ्हायलेलं नदीत पोचलं, तर तिथं मीच बसलोय की जाळं घिऊन."

बाबासोंना हसू आलं नाही, पण जिवाला थोडं बरं वाटलं. गुंडूने दोन गोष्टी सांगितल्या: आजपासून एक दाणाही टाकायचा नाही, आणि पाण्यावर साचलेला कुजका थर सुपाने हळूच काढायचा. वळवाचा पाऊस येईपर्यंत एवढंच आपल्या हातात आहे, म्हणाला.

थर काढणं सोपं होतं. दाणा न टाकणं अवघड. उघड्या तोंडासमोर मोकळ्या हाताने बसायचं, ही गोष्ट बाबासोंना सत्तर वर्षांत कुणी शिकवली नव्हती. आणि नुसतं स्वतः बसून भागणार नव्हतं, दुसऱ्यांनाही अडवायचं होतं. ज्या पायरीवरून त्यांनी जन्मभर लाह्या टाकल्या, त्याच पायरीवर ते आता काठी घेऊन राखण करू लागले.

पलीकडच्या गल्लीतल्या विठाबाई चपातीचा कुस्करा घेऊन आल्या. बाबासोंनी हात आडवा धरला.

"आता ह्ये काय नवीन?" विठाबाई म्हणाल्या. "सगळं पुण्य एकट्यानंच घ्यायचं व्हय, अण्णा?"

"पुण्य न्हाय ते, विठाबाई. कुजतंय खाली जाऊन."

"आ वासून बसल्यात बिचारी, दिसंना व्हय तुम्हास्नी? म्हातारपणी काळीज दगडाचं झालं म्हणायचं."

विठाबाईंनी कुस्करा परत नेला, पण जाताना बस्तीच्या दारात चार बायकांना सांगत गेल्या. बाबासोंना ते ऐकू आलं. ते पाण्याकडे बघत राहिले. गाडी चालवताना मागून शिव्या यायच्या, तेव्हाही ते मागे वळून बघत नसत.

हळूहळू तोंडं कमी झाली. मेलेले मासेही कमी झाले, एखादा दिवस तर एकही नाही. रत्नाबाईंची कढई फळीवर गेली. बाबासो दुपारी आभाळाकडे बघत बसायचे. ढग येऊ दे, त्यांना वाटायचं. ऊन अडलं की पाणी निवेल, पाणी निवलं की मासे तरतील.

आणि ढग आले. मेच्या मध्यात दोन दिवस आभाळ कोंदून राहिलं. वारा पडला, पाऊस मात्र आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुंडू स्वतःहून घरी आला. "अण्णा, उद्या पहाटं लवकर चला. माणसं घ्या, घागरी घ्या."

"का? ढग आल्यात की. बरं झालं."

"बरं कशाचं? त्ये हिरवं शेवाळ दिवसा उनात वारा सोडतंय, त्यावर मासं रात्र काढत्यात. दोन दिस ऊन न्हाय. आज रात्री पुरणार न्हाय."

बाबासो घागरी काढायला उठले. त्यांनी ज्याची वाट पाहिली होती तेच माशांच्या मुळावर आलं होतं.

झुंजुमुंजू होताना ते तळ्यावर पोचले तेव्हा पाणी दिसतच नव्हतं. नुसती तोंडं होती. एवढे मासे आपल्या तळ्यात आहेत हे बाबासोंना माहीत नव्हतं. वीज गेलेली, त्यामुळे पंप लावून पाणी उडवायचीही सोय नव्हती. जिनेश हुपरीहून रात्रीच आला होता. गुंडू म्हणाला, "पाण्यातल्या पायरीवरच उभं ऱ्हावा. खाली उतरून गाळ उठवू नका. वरचं पाणी घ्यायचं, डोक्याइतकं उचलायचं आन् धार धरून वतायचं. फेस आला पायजे."

त्या तळ्यात माणसाने पाय घालायचा नाही, हा रिवाज. बाबासोंनी चपला काढल्या, बस्तीच्या दिशेने हात जोडले आणि पहिली घागर त्यांनीच बुडवली. मग कुणी थांबलं नाही. गुंडू एका टोकाला, जिनेश दुसऱ्या, मध्ये बाबासो. पाणी उचलायचं, वर न्यायचं, सोडायचं. धार पडली की तिथे फेस यायचा आणि मासे त्या फेसात घुसायचे, माणसाच्या पायांना अंग घासायचे. रत्नाबाई तांब्या घेऊन खालच्या पायरीवर बसून ओतत होत्या. घागर त्यांना उचलवत नव्हती.

काही वेळाने बाबासोंचे दंड भरून आले. घागर खांद्याच्या वर जाईना.

"बसा आता, दादा," जिनेश म्हणाला.

"बसतो की," बाबासो म्हणाले आणि परत घागर बुडवली.

विठाबाई नेहमीच्या वेळेला आल्या. वरच्या पायरीवर उभं राहून त्यांनी हा सगळा प्रकार पाहिला. काय चाललंय ते त्यांना कुणी सांगितलं नाही, सांगायला कुणाला दमही नव्हता. त्यांनी हातातला कुस्करा पदरात बांधला, पदर खोचला आणि बाबासोंच्या हातातली घागर काढून घेतली. "सरका," त्या म्हणाल्या. बाबासो सरकले.

उजेड ढगांतून फाकला तसे मासे खाली जाऊ लागले. आधी मोठे, मग बारके. पाणी परत पाण्यासारखं दिसायला लागलं. कोपऱ्यात मात्र पांढऱ्या पोटांचा ढीग साचला होता. रात्रीतच गेलेले होते ते. बाबासो उठले आणि खोरं शोधू लागले. गुंडूने ते त्यांच्या आधी उचललं होतं.

भिंतीकडेला खड्डा खणताना गुंडूने वर बघितलं. आभाळ तसंच कोंदलेलं होतं, पाऊस कुठे नव्हता.

"उद्याबी यायला लागतंय बघा," तो म्हणाला.

"व्हय," बाबासो म्हणाले. "मी उठवायला येतो तुला."

"कशाला? झोप कुणाला लागतीया ह्या उकाड्यात."

रत्नाबाईंनी सगळ्यांना चहा दिला. बाबासोंनी आपली कपबशी पायरीवर ठेवली आणि ते चहा निवेपर्यंत पाण्याकडे बघत बसले.