वरच्या पट्ट्यांपर्यंत करंट चढेना

सिल्वासाजवळ नरोलीच्या चाळीत समाधानच्या खोलीला प्लग एकच. त्याच्यावर फ्रीज चालतो. टीव्ही लावायचा तर फ्रीज उपटायचा, मिक्सर लावायचा तर टीव्ही. एका खुंट्याला तीन म्हशी, अशातली गत. त्या सुटीच्या दिवशी त्याची बायको कावेरी प्लास्टिकच्या कंपनीत डब्यांना झाकणं बसवायला गेली आणि समाधानने मागचापुढचा विचार न करता फ्रीजची पिन उपटली. दूध नासलं तर नासलं. आज कीबोर्ड लागलाच पाहिजे होता.

खोका त्याने सिल्वासाच्या दुकानातून रिक्षात मांडीवर घेऊन आणला होता. थर्माकोल काढलं, लोखंडी स्टँड उभा केला, वर कीबोर्ड ठेवला, तर तो मोरीकडे कलंडला. खोलीची फरशीच मोरीकडे उताराची. मालकाने चाळ बांधली ती माणसांसाठी नाही, पाणी वाहून जावं म्हणून. समाधानने फळीवरचा डबा काढला. त्यात त्याच्या कंपनीने दिलेले पिवळे मऊ बोळे होते, कानात घालायचे.

खडोलीला धाग्याच्या कंपनीत तो धागा पिळायच्या मशीनवर आहे. अख्खी जवानी तिथेच गेली. हॉलमध्ये आवाज असा, की शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं ते हाताने. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. कॉलर ओढली की साहेब आला. पालथा पंजा आडवा फिरवला की मशीन बंद. कंपनी बोळे देते आणि सही घेते, पण घालत कुणी नाही. "कानात बोळा कोंबला तर मशीन कण्हतंय का गातंय ते कसं कळेल?" असं जुना ऑपरेटर समाधानला सांगायचा, आणि पुढे समाधान नव्या पोरांना तेच सांगत आला. चांगली वस्तू टाकायची कशी, म्हणून बोळे डब्यात साठले. ते त्याने मुठीने दाबून स्टँडच्या पायाखाली सारले. कीबोर्ड सपाट झाला.

हा सगळा खटाटोप गोकुळ मास्तरसाठी. शिंदखेड्याकडच्या त्यांच्या गावात गोकुळचा बँड होता, आणि मिसरूड फुटायच्या वयात समाधान त्या बँडचा कीबोर्डवाला होता. हात असा चालायचा की नवरदेवाचा घोडा सुद्धा पुढे सरकायचं विसरायचा. मग दुष्काळी सालं आली, लग्नं घटली, आणि गावातली अर्धी पोरं वापी-सिल्वासाला निघाली तसा तोही निघाला. आता गोकुळचा कीबोर्डवाला सुरतेला पळाला होता. तुळशीचं लगीन लागलं की हंगाम सुरू. गोकुळने फोन केला होता.

"भो, येस का परत? पण आधी दोन-चार गाणी वाजाडीसन मोबाईलवर धाड. हात चालस का नही ते दखू दे. या रविवारपावत धाड, नहीतर मी शिरपूरना पोऱ्या बलाई लेस."

समाधानला एवढंच पाहिजे होतं. कावेरीने तर माहेरी सांगूनही टाकलं होतं की दिवाळीनंतर आम्ही गावाला. खोलीतला पत्र्याचा पेटारा तिने घासून उन्हात घातला होता.

अडॅप्टर लावला. लाल दिवा लागला. समाधानने कीबोर्डच्या पाया पडून डावीकडच्या पट्ट्यांवर हात ठेवला. आवाज घुमला, अगदी पोटात शिरला. तो खुशीत आला. हात उजवीकडे सरकत गेला, मधल्या पट्ट्या बोलल्या, पुढच्या बारीक बोलल्या, त्याच्या पुढच्या मुंगी चालावी तशा, आणि मग काहीच नाही. बोटाखाली पट्टी दबते, टक करून वर येते, पण सूर नाही. शेवटच्या पट्टीपर्यंत सगळ्या मुक्या.

त्याने आवाज पुरता वाढवला. पुन्हा दाबल्या. नाहीच. वरच्या मजल्यावरच्या बिहारी पोराने जिन्यातून डोकं काढलं. "चाचा, कान फाड़ोगे क्या?"

समाधानला वाटलं, डावीकडच्या पट्ट्यांबद्दल बोलतोय.

शेजारच्या खोलीत सुकदेव राहायचा. तोही खानदेशी, त्याच हॉलमध्ये, पलीकडच्या रांगेत मशीनवर. समाधानने त्याला ओढून आणलं. सुकदेवने मान कलती करून कान कीबोर्डला लावला, जणू म्हशीच्या पोटातलं रेडकू ऐकतोय.

"वाजस का?" समाधान ओरडला.

"आँ?"

"वाजस का, वाजस का ते!"

"नही भो! काहीच नही!" सुकदेवही ओरडला. "आठलोंग वाजस, पुढे मेलेलं शे."

झालं. दोघांनी एकमताने ठरवलं की पट्ट्या मेल्या. कीबोर्ड दुकानात परत न्यायचा म्हटलं, तर सुकदेव म्हणाला, "थांब. दुकानवाला म्हनी, तुमनी चाळमा करंटच नही. आते दख, पानी वरल्या मजल्यावर चढस का?"

चाळीत ही गोष्ट सगळ्यांच्या अंगवळणी होती. खाली बायांनी नळ सोडले की वरच्या मजल्याला पाणी चढत नाही. संध्याकाळी सगळ्या खोल्यांत विजेच्या शेगड्या लागल्या की पंखे म्हातारे होतात आणि ट्यूब मिचमिच करते. मालकाला सांगितलं तर तो म्हणतो, "लाइट तो एटली ज आवशे, भाई," म्हणजे लाइट एवढीच येणार. तेव्हा करंटही पाण्यासारखा खालून भरत जात असणार आणि दाब नसला तर वरच्या पट्ट्यांपर्यंत चढत नसणार, हे दोघांना इतकं पटलं की समाधानला हायसं वाटलं. बिघाड कीबोर्डात नव्हता. करंटात होता.

त्याने खिशातला खडू काढला. धागा गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या कोनांवर खूण करायचा निळा खडू त्याच्या खिशात कायम असतो. जिथे सूर संपत होता त्या पट्टीवर रेघ मारली. करंट वाढला की रेघ उजवीकडे सरकवायची, असा हिशेब.

संध्याकाळी कावेरी आली. आधी तिने फ्रीज उघडला, दुधाचा वास घेतला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर गाव सोडून गेला असता. मग कीबोर्डवर झाकलेलं फडकं उचललं.

"ह्या पट्ट्या वाजत नहीत," समाधान म्हणाला.

कावेरीने ओले हात लुगड्याला पुसले आणि पार शेवटची पट्टी दाबली. "वाजस ना."

"कोठे वाजस?"

"वाजस ना ते! चिमणीसारखं!"

"तुले काय समजस त्यामा," तो म्हणाला. "करंट पुरत नही."

कावेरी आणखी काही म्हणाली. पण तोवर ती चुलीकडे वळली होती, आणि तिचं तोंड दिसत नसलं की समाधानला तिचं बोलणं नुसतं गुणगुणल्यासारखं यायचं. तोंड भिंतीकडे करून बोलायची तिला खोडच आहे, असं तो कितीतरी वर्षं समजून होता.

दुसऱ्या दिवशी त्याने जाडे सेल आणले. सेलचा करंट मालकाच्या बापालाही चोरता येत नाही. कीबोर्ड उलटा करून सेल घातले, दिवा लागला. पट्ट्या दाबत गेला. रेघेपाशी सूर संपला.

मग सुकदेवने कुठून तरी स्टॅबिलायझर उचलून आणला, धुळीने माखलेला. तो लावल्यावर खोलीभर घरघर झाली, जळका वास सुटला आणि अर्ध्या चाळीचा फ्यूज उडाला. बाया बाहेर येऊन शिव्या घालू लागल्या. करंट आला तेव्हा समाधानने पुन्हा दाबून पाहिलं. रेघ तिथेच.

आता एकच वाट उरली. कंपनीतले मेंटेनन्सचे इंजिनिअर पराग साहेब सामरवरणीला नव्या बिल्डिंगमध्ये राहायचे. नाशिकचा माणूस, बोलायला मऊ. तिथे लिफ्ट चालते, एसी चालतो; तिथला करंट खरा. शनिवारी सकाळी समाधान कीबोर्ड गोधडीत गुंडाळून रिक्षाने तिकडे गेला.

पराग साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, पण म्हणाले, "समाधानभाऊ, करंट कमी असता तर अख्खा कीबोर्ड बंद पडला असता. एक बाजू जेवू घालायची आणि दुसरी उपाशी ठेवायची, हे राजकारण त्याला जमत नाही."

जेवणाच्या टेबलावर कीबोर्ड ठेवला. पिन लावली. दारं-खिडक्या बंद, घर असं शांत की समाधानला चुकल्याचुकल्यासारखं झालं. साहेबांनी डावीकडून सुरुवात केली आणि एकेक पट्टी दाबत उजवीकडे निघाले. समाधान त्यांच्या बोटाकडे बघत होता. बोट निळ्या रेघेवर आलं. सूर संपला. बोट पुढे चाललं. दाबत होतं, उचलत होतं, दाबत होतं.

आतून पल्लवी वहिनी आल्या, कपाळाला आठ्या घालून. दोन्ही हात कानावर. "अहो, आवाज कमी करा ना जरा! कान किटले माझे."

समाधानने वहिनींचे हात पाहिले. मग साहेबांचं बोट पाहिलं. ते अजून शेवटच्या पट्टीवर दाबलेलंच होतं.

त्याने स्वतः हात पुढे करून तीच पट्टी दाबली. वहिनींच्या डोळ्यांची पापणी लवली. त्याने सोडली. पापणी सैल पडली. पुन्हा दाबली, पुन्हा लवली.

"साहेब, हे... वाजस का?"

पराग साहेबांनी उत्तर हाताने दिलं. कंपनीच्या हॉलमध्ये करतात तशी खूण केली. एक बोट कानाला लावलं आणि पालथा पंजा आडवा फिरवला.

मग वहिनींनी पाणी आणलं. साहेब समोर बसून, तोंड समोर ठेवून, सावकाश बोलले. कानाची तपासणी होते, आपण करून घेऊ, कानामागे मशीन लावतात.

"मशीन लावल्यावर ते परत येस का? पहिल्यासारखं?"

"बोलणं बरं कळेल. पण गेलं ते परत येत नाही, समाधानभाऊ."

"आनि सुकदेव?"

साहेबांनी तपासणीसाठी दोघांची नावं मोबाईलमध्ये लिहून घेतली.

परतीच्या रिक्षात समाधानला रडू आलं नाही. शिव्या द्याव्या तर कुणाला? बोळे दिले होते, सह्या त्याच्याच होत्या. घरी आला तेव्हा कावेरी पेटाऱ्यात भांडी रचत होती. त्याने गोधडी खाली ठेवली आणि तिच्यासमोर जाऊन बसला, तोंड दिसेल असा.

"ते वाजस," तो म्हणाला. "माले आयकू येत नही."

कावेरीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "माले माहीत शे."

"मंग सांगं कसं नही?"

"सांगं ना. दोन सालपासून सांगी ऱ्हायनू." ती चिडली होती का रडवेली, ते तिलाच ठाऊक. "तुले आयकू नही उनं."

मग कावेरीच उठली, स्टँडवर कीबोर्ड ठेवला आणि फ्रीजची पिन काढली. दूध तिने आधीच बाहेर काढून तापवलं होतं. "वाजाड," ती म्हणाली. "मी आयकस. चुकशी तर सांगसू."

त्याने वाजवलं. रेघेपर्यंत त्याच्या कानाने, रेघेपुढे जुन्या सवयीने. बोटांना रस्ता माहीत होता, पण अंधारात विहिरीच्या कठड्यावरून चालल्यासारखं. एकीकडे बोट घसरलं, तसा कावेरीने हात वर केला. पुन्हा धरलं, पुन्हा घसरलं, पुन्हा तिचा हात वर. ती बिचारी हात वर करून करून थकली. शेवटी त्याने सगळं गाणं खाली उतरवून रेघेच्या अलीकडे वाजवलं, ते कावेरीने मोबाईलवर घेतलं आणि धाडलं.

रविवारी दुपारी गोकुळचा फोन आला. समाधानने स्पीकर लावून मोबाईल कानाशी धरला.

"हात बरा शे भो. पन खालेच काय घुटमळस? वर चढ ना! ढोल-ताशामा ते कोन आयकी? वरलं वाजाडीसन धाड, आज सांजलोंग वाट दखस."

समाधानने कावेरीकडे पाहिलं. ती पेटाऱ्याच्या झाकणावर हात ठेवून उभी होती. खरं सांगितलं असतं तर गोकुळने गावभर केलं असतं: समाधान बहिरा झाला. गावात एकदा बहिरा म्हटलं की मेल्यावरही तेच नाव.

"भो, तू शिरपूरना पोऱ्या बलाई ले," तो म्हणाला. "आठे करंट पुरत नही. वरल्या पट्ट्या वाजतच नहीत."

"काय सांगस! सिल्वासाले करंट नही?"

"नही ना. सगळा कंपन्याच वढी लेतस."

गोकुळ पुढे काहीतरी बोलत राहिला. समाधानने फोन कावेरीच्या हातात दिला, कीबोर्डची पिन काढली आणि फ्रीजची लावली. कावेरीने "हो, हो भाऊ" करत गोकुळला वाटेला लावलं आणि पेटाऱ्यातली भांडी एकेक करून परत फळीवर मांडायला घेतली. ती मांडता मांडता काहीतरी म्हणाली, भिंतीकडे तोंड करून.

"काय?" समाधान म्हणाला.