भोंगाबाईची मुलाखत

कापडगिरणीत तिला सगळे भोंगाबाई म्हणायचे, आणि तिला त्याचा कधी राग आला नाही. आवाजच तसा होता. घरात ती नुसतं "मीठ द्या जरा" म्हणाली, तरी शेजारची मंडळी मिठाचा डबा शोधायला लागायची. बावीस वर्षं चार-चार माग सांभाळल्यावर दुसरं काय होणार, सांगा! मागखात्यात यंत्रांचा असा खडखडाट की कानाला तोंड लावून ओरडलं तरी फुकट. म्हणून तिथल्या बायका आत ओरडायच्या भानगडीत पडतच नसत. नुसते ओठ हलवायचे, आणि पार भिंतीकडच्या मागावरची बाई ते वाचायची. सुनांची गाऱ्हाणी, कुणाला दिवस गेलेत, मुकादमाची नक्कल, सगळं बिनआवाजी. मुकादम बिचारा मधून फिरायचा. ह्या बायका कशाला हसतात, हे त्याला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

मग मंदी आली. आधी रात्रपाळी गेली, मग दुपारची, आणि एका शुक्रवारी व्यवस्थापकांनी सगळ्यांना पटांगणात गोळा केलं. माईक ऐन वेळी बंद पडला. साहेब तसेच बोलायला लागले, इतक्या खालच्या आवाजात की पुढच्या रांगेलाही धड ऐकू येईना. पण मागखात्यातल्या बायकांचे चेहरे खाडकन उतरले. भोंगाबाईचा नवरा रंगखात्यात होता. त्याने मागून विचारलं, "काय म्हणतोय गं तो?"

"गिरणी बंद. कायमची," ती म्हणाली, आणि ते चारशे माणसांना एकदम ऐकू गेलं. साहेबांचं भाषण तिथेच संपलं.

घरात दोन पगार यायचे, आता एकही येईना. लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, सासूची औषधं चालू, आणि गावातली दुसरी गिरणी तर वर्षापूर्वीच बसलेली. नवरा रोज कुठे ना कुठे विचारून यायचा आणि पायातल्या चपला न काढताच खुर्चीत बसायचा. भोंगाबाईनेही उंबरठे झिजवले. साड्यांच्या दुकानदाराने एका दिवसात हात जोडले. म्हणे, गिऱ्हाईक दचकतं. पाळणाघरात तिने दारातूनच "कुणी आहे का?" म्हणून विचारलं, तर झोपवलेली सगळी पोरं उठून रडायला लागली. तिथे काम मागायची सोयच उरली नाही.

अशात सरकारी दवाखान्याच्या कान तपासणी विभागात मदतनीसाची जागा निघाली. एकच जागा. अर्ज गेले अकरा, आणि अकराही मागखात्यातल्याच बायकांचे! त्यात काडीही होती. काडी म्हणजे भोंगाबाईची शेजारच्या मागावरची मैत्रीण. अंगाने नावासारखी, पण जिभेने तिखट. जागा आपल्याला मिळावी असं अकराजणींनाही वाटत होतं आणि ते एकमेकींपासून लपवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

"तेवढं हळू बोल," नवऱ्याने दहादा बजावलं. तिने आरशासमोर सराव केला. शेवटी तोच म्हणाला, "राहू दे. कुजबुजतेस तेव्हा जास्तच ऐकू येतंय."

मुलाखतीला तिचा नंबर शेवटचा. आत डॉक्टरीणबाई आणि जाड चष्म्याचे हेडक्लार्क. तिने नाव सांगितलं आणि हेडक्लार्कच्या हातून पेन पडलं. पुढचं सगळं तसंच झालं. तिला बाहेर बाकावर बसवलं, दार लावून घेतलं. पण दाराला काच होती हो!

हेडक्लार्क म्हणत होते, "ही सोडून कोणीही चालेल. अख्खं टेबल हादरलं."

डॉक्टरीणबाई हसल्या. "पण बाई मनमोकळी आहे."

"मनमोकळी असेल. सातवी नापास आहे."

आता हे मात्र फार झालं. भोंगाबाई दार ढकलून आत. "नापास? अहो, नववी पास आहे मी! कागद तरी नीट वाचा!"

हेडक्लार्कनी कागद वाचला. नववीच होती. "पण दार बंद होतं," ते चाचरत म्हणाले, "तुम्ही ऐकलंत कसं?"

"ऐकतंय कोण? बघितलं."

डॉक्टरीणबाई उठल्या. बाहेर गेल्या, दार लावून घेतलं आणि काचेपलीकडून ओठ हलवले. भोंगाबाईने आत लगेच सांगून टाकलं, "त्या म्हणताहेत, हेडक्लार्कसाहेब येतात अकराला आणि सही ठोकतात दहाची."

हेडक्लार्कचे कान लाल झाले. डॉक्टरीणबाई आत आल्या त्या पोट धरून हसतच. मग खुर्चीत बसून त्यांनी नीट विचारलं, "ज्यांना यंत्र लावूनही ऐकू येत नाही, अशी माणसं येतात आमच्याकडे. त्यांना हे शिकवाल?"

"त्यात काय? बायका महिन्याभरात शिकतात. पुरुषांना जरा जास्त लागतं, त्यांना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय नसते."

"सोमवारपासून या."

भोंगाबाईला फार आनंद झाला. आणि लगेच बाकीच्या आठवल्या. खाली, समोरच्या बस थांब्यावर दहाजणी निकालासाठी ताटकळत उभ्या होत्या. ती खिडकीशी गेली आणि आवाज न काढता म्हणाली, "मला घेतलं."

दहाजणींनी एकमेकींकडे बघितलं. मग काडीचे ओठ हलले आणि सगळ्याजणी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

"काय म्हणाल्या त्या?" डॉक्टरीणबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"म्हणते, तुझा आवाज ऐकूनसुद्धा घेतलं, म्हणजे तपासणारेही बहिरेच दिसताहेत."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि खाली बघतच राहिल्या. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, आणि दहा बायका एकही शब्द न उच्चारता तावातावाने बोलत होत्या. "ह्या सगळ्यांना येतं?"

"सगळ्यांना. आणि आवाजही माझ्यापेक्षा बरे आहेत."

"आणखी चार दवाखान्यांत असे विभाग आहेत. विचारून बघते. वचन देत नाही, पण नावं द्या मला."

भोंगाबाईने ते जसंच्या तसं खाली सांगितलं, वचन नाही हेसुद्धा. काडी रस्त्याच्या कडेपर्यंत पुढे आली. डोळे पुसत होती, पण ओठ स्पष्ट दिसत होते.

"माझं पहिलं घाल. नाहीतर बोलू नकोस माझ्याशी."

हेडक्लार्कनी पेन उचललं. काडीचं नाव सांगताना भोंगाबाईला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि तिने दोन्ही येऊ दिलं.