दुपारी मागं राहिलेली चप्पल

न्हावऱ्याला आमची वस्ती गावापासून लांब होती. शाळेची वाट कॅनॉलच्या कडेनं जायची, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला कांद्याची वावरं. शेजारच्या वस्तीवरची माझी मैत्रीण आणि मी रोज त्या वाटेनं जायचो. ती भराभर चालायची. मी मागून हाक मारली की थांबायची, आणि मी जवळ पोचले की लगेच निघायची, त्यामुळं मला दम खायला कधी मिळालाच नाही. पुढं शिरूरच्या कॉलेजला जायला लागलो तेव्हा एसटी पकडायला तीच आधी पळायची आणि माझ्यासाठी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची.

नंतर तिचं लग्न दौंडजवळच्या एका फुलशेतीवाल्या घरात झालं. मी फिजिओथेरपी शिकले आणि दौंडलाच एका दवाखान्यात लागले. इतक्या जवळ असूनही आमची भेट लग्नाकार्यातच व्हायची.

मध्यंतरी एका उन्हाळ्यात ती सासूबाईंना घेऊन माझ्याकडं पेशंट म्हणून आली. पुण्याच्या डॉक्टरांनी मैत्रिणीला मल्टिपल स्क्लेरॉसिस असल्याचं सांगितलं होतं आणि चाल तपासून घ्यायला पाठवलं होतं. या आजारात मेंदू आणि पाय यांच्यातला निरोप वाटेत अडखळतो. मी कागद वाचले आणि मान वर करायला मला जरा वेळ लागला.

"आता तू माझी परीक्षा घेणार व्हय?" ती हसून म्हणाली.

मी तिला पॅसेजमधून चालवलं, वळवलं, एका रेषेवर पाऊल जोडून चालायला लावलं, जिना चढवला. टाच आधी टेकते का, चवडा नीट उचलतो का, हात हलतात का, हे मी बघत होते. खरं तर मला तिची ती जुनी चाल दिसत होती. वळताना थोडा तोल गेला, बाकी बरंच ठीक होतं.

"बघा की," सासूबाई म्हणाल्या. "चांगली चालती. सकाळी फुलं तोडायला पुढं असती. दुपार झाली की पाय वढायला लागती. मला तर कायच उमगत न्हाई."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण मैत्रीण खाली फरशीकडं बघत राहिली.

मी त्यांना दुपारपर्यंत थांबवून ठेवलं. त्यांनी आणलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा आम्ही तिघींनी मिळून खाल्ला. मग मी म्हटलं, चला, जरा स्टेशनच्या रस्त्यानं जाऊन येऊ. बोलता बोलता माणूस कसं चालतं तेही मला बघायचं होतं. म्हणून मी तिला शाळेच्या वाटेचं विचारलं.

ती रंगून सांगायला लागली. कॅनॉलच्या पुलापाशी आपण दप्तरं ठेवायचो. पुढच्या वस्तीवरची म्हातारी आपल्याला ताक द्यायची. तिथली बाभळ आता तोडली म्हणं. ती सांगत होती आणि तिचा डावा पाय घासायला लागला होता. चवडा उचलेना, गुडघा ताठ राहिला. बोलण्यात तिचं लक्षही नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई थांबल्या. मैत्रिणीची डावी चप्पल मागं रस्त्यावर पडली होती, आणि ती तशीच अनवाणी पुढं चालली होती.

"अगं, चप्पल कुठं हाय?"

तिनं खाली पाहिलं. "कवा गेली?"

सासूबाईंनी वाकून चप्पल उचलली. उचलताना त्यांचा हात डांबराला लागला, तो त्यांनी झटकन मागं घेतला.

"चटका बसला न्हाई तुला?"

"न्हाई कळलं, आत्या."

आम्ही तिला रसाच्या गाड्यावरच्या बाकावर सावलीत बसवलं. तळवा लाल झाला होता. सासूबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि खाली बसून हळूहळू तिच्या पावलावर ओतली. मी त्यांना सांगितलं, "मावशी, अंगात उष्णता वाढली की हिच्या पायाला निरोप पोचत नाही, आणि पायाचा चटकाही हिला कळत नाही. गार झालं की पुन्हा बरं वाटतं. मुद्दाम करत नाही ती."

त्यांनी बाटलीतलं उरलेलं पाणीही तिच्या पावलावर ओतलं. मग सुनेला म्हणाल्या, "आधी सांगायचं व्हतंस."

"सांगितलं व्हतं, आत्या."

त्यांनी पदरानं तिचा पाय पुसला.

पुढं मी तिला पायाला आधार देणारी पट्टी दिली, मागं पट्टा असलेल्या सँडल घ्यायला लावल्या, व्यायाम शिकवले. औषधं पुण्याचीच चालू आहेत. आजार गेलेला नाही. यंदा हातात काठी आली, आणि त्या दिवशी ती माझ्यापाशी थोडी रडली. पण शेतात ती अजून उजाडताच जाते. दुपारी सासूबाई तिला घरात पंख्याखाली हार करायला बसवतात आणि बाहेरचं स्वतः बघतात. तपासणीला दोघी मिळून येतात, आणि गेल्या महिन्यात चाल कशी होती ते मला आधी सासूबाईच सांगतात.