केनवडच्या पांदणीत माझ्या समोर धावणारा

आधीच सांगून ठेवतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. जन्मभर मी शाळेत पीटी शिकवली. विहिरीपाशी बाई दिसते म्हणणाऱ्या पोरांना मी ग्राउंडच्या चकरा मारायला लावायचो... चकरा संपेपर्यंत बाई गायब! त्यात आमचं घर बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून अंगात येणं, नवस, भूतबाधा यातला शब्दही त्यांना घरात खपत नसे. तेव्हा मी हे लिहितोय ते किती नाइलाजानं, हे समजून घ्या.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी किन्हीराजाचा, वाशीमला कॉलेजात होतो, वसतिगृहात राहायचो. अभ्यासात यथातथाच, पण पळायला बरा. कॉलेजच्या क्रॉस कंट्री टीममध्ये होतो. क्रॉस कंट्री म्हणजे मैदानावर गोल गोल फिरणं नव्हे— शेतातून, धुऱ्याबांधावरून, नाल्यातून धावायचं. ज्वारी कापल्यावर रानात राहिलेली धसकटं कॅनव्हासच्या बुटातून सरळ तळपायात घुसायची.

माझी एक वाईट खोड होती. मला कोणाच्या तरी मागेच पळता यायचं. समोर एक पाठ दिसली की मी कितीही पळायचो. पाठ नसली की पाय जड व्हायचे, जीव घाबरा व्हायचा. माझ्यासमोर नेहमी देवीदास असायचा. आमची खोली एक, ताट एक. दिवाळीआधी त्याला पोलिसात नोकरी लागली आणि तो ट्रंक उचलून गेला. चांगलंच झालं त्याचं. पण मी लुळा झालो ना!

दिवाळीची सुट्टी लागली, पण चॅम्पियनशिप तोंडावर, म्हणून खेळाच्या सरांनी टीमला थांबवून घेतलं. टीममधली बाकीची मुलं गावातलीच. सकाळी प्रॅक्टिस झाली की सायकली काढून घरी फराळाला. वसतिगृहात मी एकटा, मेसही बंद. सकाळी मुलं गेली की कोणाशी बोलणं नाही. संध्याकाळी दुकानात साबण मागायला तोंड उघडलं की घशातून धड आवाज निघत नसे. खरं सांगतो, त्या दिवसांत मला फार रडू यायचं.

आणि घरचं वेगळंच. वडिलांची कंबर धरली होती, शेतात हात हवा होता. आमचं बोलणं झालं होतं— युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये निवड झाली तर शीक पुढं, नाही तर घरी येऊन वखर धर. पहिले सहा निवडणार होते. सर रोज माझ्या मागे लागायचे, "अबे, तुह्या समोर कोनी नसलं त बसून जाशीन का तू?" मी हसायचो. मनातून माहीत होतं, बसूनच जाईन.

शर्यत केनवडला होती. सकाळची वेळ, ऊन कोवळं, वाऱ्याचं नाव नाही. बाजाराच्या मैदानावरून सुटायचं, शिवाराला फेरा घालून तिथंच परत. रस्ता कळावा म्हणून वळणावळणावर चुन्याची फक्की मारलेली. सुरुवातीला मी घोळक्यात होतो, मजेत होतो. पण नाल्याच्या चढावर घोळका मागे पडला आणि एकदम समोर काहीच उरलं नाही. रिकामी पांदण, म्हणजे शेतांमधली बैलगाडीची वाट, दोन्ही बाजूंना तूर. माझे पाय जड व्हायला लागले. म्हटलं, संपलं. धरा आता वखर.

तेवढ्यात वळणावर, तुरीच्या आडून तो दिसला. माझ्या पुढे, बैलगाडीभर अंतरावर. मळकट बनियन, खाकी चड्डी, उजवा खांदा जरा पडलेला. पाठीवर नंबर होता का, ते मला आजही आठवत नाही. मला वाटलं, हा आधीच पुढे निघून गेलेला असेल. माझ्या जीवात जीव आला! पाय आपोआप उचलायला लागले. पांदणीतली धूळ इतकी बारीक की त्याच्या पायाची सगळी माझ्या तोंडावर येत होती. दातांत कचकच, डोळ्यांत चुरचुर. मी जरा एका बाजूला सरलो, पण त्याची पाठ सोडली नाही.

पुढे पांदणीला दोन फाटे फुटले होते. फक्कीवरून सकाळी ढोरं गेलेली, सगळं पुसलेलं. वाट दाखवायला उभा केलेला माणूसही जागेवर नव्हता. माझ्या समोरचा न थांबता डावीकडे वळला. मीही वळलो. क्रॉस कंट्रीत हेच होतं, पुढचा जाईल तिकडे सगळे जातात. पुढचा चुकला तर आख्खी शर्यत चुकते.

शेवटच्या उतारावर माझ्यात दम शिल्लक होता. त्याला गाठता आलं असतं, बाजूला जाऊन तोंड बघता आलं असतं. मी गेलो नाही. दुसरा आलो तरी निवड होत होती, आणि त्याला मागे टाकलं असतं तर मी परत एकटा पडलो असतो. गावातल्या पहिल्या भिंतीला तो वळला. मागोमाग मी वळलो तर समोर मैदान, माणसं, आणि दोन्ही हात वर करून नाचणारे आमचे सर. माझ्या हातात एक नंबरचं कार्ड.

मी म्हटलं, सर, माझ्यापुढे एक जण होता, त्याला द्या. सगळे हसायला लागले. मागून अकोल्याचा मुलगा आला, त्याला विचारलं. तो धापा टाकत म्हणाला, "मी वळनापासून तुह्याच मागं हाओ. तुह्या समोर कोनी नव्हतं. पन तू बाजूबाजूनं काहून पळत होता?"

सर टॉवेलनं माझं तोंड पुसायला लागले आणि त्यांचा हात थांबला. पहिल्या येणाऱ्याचं तोंड स्वच्छ असतं हो. धूळ खातो तो मागचा. माझ्या पापण्यांवर, ओठांवर धुळीचा थर बसला होता. सरांनी एकदा टॉवेलकडे पाहिलं, एकदा पांदणीकडे, आणि टॉवेलची घडी करून पिशवीत टाकला.  गळ्यात हार पडला तेव्हाही मी गर्दीत ते मळकट बनियन शोधत होतो.

माझी निवड झाली, शिक्षण झालं, नोकरी लागली. पुढे कितीतरी शर्यती पळलो. तो परत कधी दिसला नाही.

हे मी फक्त वडिलांना सांगितलं होतं, त्याच आठवड्यात, किन्हीराजाला. वाटलं होतं, खवळतील. ते कापसाच्या ढिगाला टेकून बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यानं एकदाबी मांगं पाह्यलं नाई?"

मी म्हटलं, "नाही, बा."

"त्याच्या समोर त कोनीच नव्हतं ना रे," ते म्हणाले. "तू मांगं होता, म्हून थो पळला असंन."

तो कोण होता, मला आजही माहीत नाही. मी त्याच्या मागे आहे हे त्याला कळलं असेल का, एवढंच मनात येत राहतं.