तात्यांचं पदरचं

सोपानतात्या दहाव्याला घाटावर आले की आधी वहाणा काढायचे, मग खिशातून घडी घातलेला कागद काढायचे आणि न उघडताच परत ठेवायचे. कागद कोरा असायचा. मी एकदा पाहिला होता.

आमच्या वेल्ह्याच्या भागात दहाव्याला नदीवर पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. कावळा आला नाही तर मेलेल्याचं काहीतरी मनात राहिलं असं समजून घरची माणसं एकेक वचन देतात. घरच्यांची वचनं संपली की लोक तात्यांकडं बघायचे. तरुणपणी ते जत्रेतल्या नाटकात कामं करायचे. पाठ केलेलं विसरलं की मनानंच वाक्यं घालून पुढं जायचे. त्याला ते पदरचं म्हणायचे. घाटावरही ते तेच करत.

"म्हंजे थापाच की," मी एकदा म्हटलं.

तात्या चिडले. "वैनी, थाप हवेतनं येती. पदरचं म्हंजे आपून आदी बघितल्यालं, ऐकल्यालं. ते फकस्त आयत्या येळंला काडायचं."

पण त्यांचं चुकायचंही. विंझरला एका म्हातारीच्या दहाव्याला ते बोलून गेले, की थोरल्या सुनेनं शेवटपर्यंत केलं. केलं होतं धाकटीनं. दोन वर्षं म्हातारीचं हगणं-मुतणं काढलं होतं. धाकटी सगळ्यांसमोर उठली आणि तडक माहेरी गेली. तात्या तिच्या माहेरी तीनदा जाऊन आले, तेव्हा ती परत आली. "घाटावर गावानं ऐकल्यालं माघारी घेता येत न्हाई," असं ते नंतर म्हणायचे. मला ते चांगलं लक्षात राहिलं.

म्हणून माझे मालक गेले तेव्हा मला दहाव्याची धास्ती बसली. मालक तापट होते. त्यांच्याबद्दल तात्या गोड बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं. धास्ती खाचराची होती. घराखाली आमचं भाताचं एक खाचर आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या चिखलात मी दरवर्षी आवणीला रोपं लावत आले. माझ्या थोरल्या मुलानं पुण्याच्या एका माणसाला ते विकायला दाखवलं होतं. खाचर गेलं असतं तर घरही गेलं असतं, आणि मी थोरल्याच्या पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर. हे मी कुणाला बोलले नव्हते. बोलून काय करणार? त्या सकाळी तर तो माणूस गाडी घेऊन दहाव्यालाच आला आणि वर रस्त्यावर थांबला.

पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले. थोरला म्हणाला, "आईला सांभाळू." धाकटा म्हणाला, "आम्ही भाऊ भांडणार नाही." कावळा हलेना. मग थोरला तात्यांच्या कानाला लागला. 'आईला पुण्याला सुखात ठेवू' एवढं तात्या गावासमोर बोलले असते तर माझं सगळं संपलं असतं.

तात्यांनी कागद काढला, ठेवला आणि पुढं होऊन मालकांना म्हणाले, "सखाराम, खाचर इकत न्हाईत. वैनी हितंच ऱ्हात्यात. दरसाल आवणी हुईल. जा निवांत."

थोरल्याचा चेहरा उतरला, पण दोनशे माणसांत नाही कसं म्हणणार? लोक मागं सरले आणि कावळा आला. लोक मागं सरले म्हणूनच आला असेल.

नंतर मी तात्यांना विचारलं, "थोरल्यानं कानात काय सांगितलं?"

"आईला पुण्याला न्हेतो म्हणा, म्हनला."

"मग?"

"तुमी पिंडाकडं बगतच न्हवता. वरच्या गाडीकडं बगत हुता. तेवडं पुरं झालं की."

तेव्हापासून दर आषाढात ते बांधावर येऊन उभे राहायचे. मी म्हणायची, "आलात का मुकादमी करायला?" ते म्हणायचे, "शबूद म्या दिलाय. खाचर मोकळं ऱ्हायलं तर वर गेल्याव तुमचा मालक मला जोड्यानं हाणंल."

यंदा आषाढातच तात्या गेले. ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. आमचं खाचर तोवर लावलेलं नव्हतं. वाफ्यातली रोपं गुडघ्याला आली होती. थोरला फोनवर म्हणत होता, "यंदा राहू दे पडीक. पुढं बघू." पुढं काय बघायचं होतं ते मला माहीत होतं. रात्र-रात्र डोळा लागत नव्हता.

तात्यांच्या दहाव्याला माझे दोघेही आले. तात्यांच्या मुलानं जे सुचेल ते सांगून पाहिलं. कावळा येईना. सगळ्यांनी सवयीनं तात्यांच्या जागेकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

मी चौथी शिकलेली. चार माणसांत कधी बोलले नाही. पण पाय पुढं पडले. पिंडाकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "तात्या, खाचर लावलंय. तुमी घोर करू नका."

आणि मागं सरून उभी राहिले. कावळा आला का, ते मी पाहिलं नाही. मी थोरल्याकडं बघत होते. तो खाली बघत होता.

घाट चढताना तो माझ्या बाजूला आला. हळूच म्हणाला, "आई, अगं लावलं कुठंय?"

"गावाला सांगितलंय मी," म्हटलं. "पँट वर कर आणि चल."

धाकटा हसला. थोरला हसला नाही, पण आला. दोघांना रोपं नीट धरताही येत नव्हती, ओळी वाकड्या गेल्या. मी बांधावरून ओरडत राहिले. घाटावर मी बोलले ती थापच होती, तात्यांनी ऐकली असती तर चिडले असते. सूर्य मावळायच्या आत शेवटचं रोप लागलं.