पारापुढं उभी केलेली बुलेट

बायको जाऊन दोन पावसाळे झाले. लोक म्हणतात, आता सवय झाली असंल. न्हाई झाली. मी फार शिकलेला न्हाई, गोड बोलता येत न्हाई, म्हणून सरळ लिहितो.

ती बुटकी होती. माझ्या काखेखालून निघून जाईल एवढी. मी तोंडावर म्हणायचो, अन् ती म्हणायची, मंग वरच्या फळीवरचा डबा तुमीच काढा. अशा बाईनं आमची बुलेट चालवली, त्याची ही गोष्ट. नव्वद सालाच्या आसपासची.

आमचं गाव टेंभुर्णीपासून आत. घरी म्हशी होत्या. गावाचं दूध गोळा करून मी रोज सकाळी बुलेटवर टेंभुर्णीच्या केंद्रावर न्यायचो. मागं लोखंडी सांगाडा, त्याला दोन्ही अंगाला कॅन. त्या वर्षी मी कडब्याच्या गंजीवरून पडलो अन् मांडीचं हाड मोडलं. मांडीपासून घोट्यापर्यंत पलस्तर. दूध दोन दिवस घरातच नासलं. केंद्रावरून निरोप आला की असंच चाललं तर तुमची पाळी दुसऱ्याला देऊ.

घरात कारभार माझ्या थोरल्या भावाचा. मी त्याला दादा म्हणायचो. दादा म्हणाला, म्हशी विकून टाकू, गाडीबी विकू. दादाची पोरं जालन्याला नोकरीवर, आमचं लेकरू अजून शाळेत. चालवणार कोण? तेव्हा चुलीपुढून ही बोलली, "मी चालवते."

दादा ओसरीवर होता, पण ती बोलली माझ्याकडं बघून. आमच्यात भासरा, म्हंजे नवऱ्याचा थोरला भाऊ, अन् भावजय एकमेकांशी बोलत न्हाईत. मधी एक माणूस लागतो. तो नसला तर भिंतीला सांगायचं. बाईनं भासऱ्यापुढं बाजेवर बसायचं न्हाई, गाडीत बसून जायचं न्हाई. पारावर म्हातारी माणसं बसलेली असली की सुना बैलगाडीतून उतरायच्या, डोक्यावर पदर घ्यायच्या अन् पायी पार ओलांडून पुन्हा बसायच्या. तिनं लग्न झाल्यापासून हे बराबर पाळलं होतं.

 दादा मला म्हणाला, "तिला म्हण, चालव. पण एक डाव जरी गाडी पडली, तर त्या आठवड्याच्या बाजारात गाडी अन् म्हशी दोन्ही."

दादा बोललेला शब्द फिरवायचा न्हाई, हे घरातल्या कुत्र्यालाबी ठाऊक होतं.

लोक म्हणाले, लुना घ्या. लुनावर दुधाचे कॅन राहतात व्हय? अडचण एकच होती, बुलेट उंच. ती सीटवर बसली की पाय हवेत. टेंभुर्णीहून मिस्तरी बोलावला. तो म्हणाला, पायाचं माप लागंल. आता बायकोच्या पायाचं माप परक्या माणसाला कसं घेऊ द्यायचं? मीच पडल्या पडल्या सुतळीनं मापलं, गाठ मारली अन् सुतळी त्याच्या हातात दिली. ती लाजून गोठ्यात गेल्ती.

मिस्तरीनं सीटचं कातडं सोडवून आतला फोम सुरीनं कापला, बसायपुरता ठेवला. मागचे दोन्ही शॉकप काढून लहान गाडीचे बसवले. नुसतं मागून खाली घेतलं तर गाडी उलार होईल, कॅन भरले की पुढचं चाक हलकं पडंल, हे तिनंच गोठ्यातून सांगितलं. बैलगाडी हाकलेली बाई ती. मंग मिस्तरीनं पुढचेबी पाइप वर सरकवून पुढून गाडी खाली घेतली. आता ती बसली की दोन्ही टाचा जमिनीला टेकायच्या. नऊवारी नेसायची, कासोटा होता, त्यामुळं टांग टाकायला काही अडचण न्हाई.

खळ्यात गोल गोल फिरून शिकली. मी बाजेवरून वरडायचो, क्लच, क्लच. थांबायचं झालं की ती गाडी बाभळीच्या बुडाला टेकवायची. साईड स्टँड लावायचं कामच पडलं न्हाई. ही गोष्ट माझ्या, तिच्या, मिस्तरीच्या, कोणाच्याच ध्यानात आली न्हाई.

पहिल्या दिवशी मला राहवलं न्हाई. कुबड्या घेऊन, शेजाऱ्याच्या खांद्यावर लोंबकळत मी मारुतीच्या पारावर येऊन बसलो. शेजारी शेतात निघून गेला. पारावर दादा होता अन् एक म्हातारा होता, डोळ्यांनी अधू. गावाबाहेर जायला पारापुढूनच रस्ता. दुसरा न्हाई.

आवाज आला. ती आली. पारापासून थोडी अलीकडं थांबली, गाडी चालूच ठेवली अन् उतरली.  गाडी खाली कशी घ्यायची याचा एवढा खटाटोप केला, पण ही पारापुढं उतरणार हे काही माझ्या डोक्यात आलं न्हाई. कॅन भरलेले. तिनं हँडल धरून हळूहळू ढकलायला सुरुवात केली अन् नेमकी पारापुढं येताना तिचा पदर खांद्यावर घसरला. भासरा समोर. डोकं उघडं. तिनं पदर घ्यायला म्हणून पायानं साईड स्टँड लावलं अन् एक हात सोडला.

गाडी खाली आलेली, स्टँड मातर पहिल्याच लांबीचं. गाडी जराशी कलून उभी राहायची ती खुंट्यासारखी सरळ उभी राह्यली. रस्त्याला पाराकडं उतार. भरलेले कॅन डुचमळले अन् गाडी तिच्या हातातून पलीकडं, पाराच्या अंगाला जायला लागली.

मी उठायला गेलो अन् पलस्तरासकट खाली आपटलो.

दादा पारावरून उतरला. म्हातारा माणूस, पण दोन ढांगांत पोचला. उजव्या अंगाचा कॅन त्यानं छातीवर घेतला अन् पाय रोवले. गाडी थांबली. डाव्या अंगाला ती हँडल धरून मागं ओढून राह्यली, उजव्या अंगाला दादा. मधी इंजन धकधक करून राह्यलं. दोघं एकमेकांच्या इतक्या जवळ जन्मात आले न्हवते. झाकणातून दूध निथळून दादाच्या सदऱ्यावर उतरलं.

अधू म्हातारा इचारून राह्यला, "काय झालं रे? कोण पडलं?"

"कोणी न्हाई," मी खालून म्हणालो.

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "त्यांना म्हणा, जरा असंच धरा. मी ढकलत पार ओलांडते."

दादा मारुतीकडं बघून म्हणाला, "तिला म्हण, हे ढकलून जाणार न्हाई. वर बसंल तरच तोल राहील."

दोघांनाबी एकमेकांचं ऐकू येत होतं. तरी मी दोन्हीकडचं सांगितलं. रीत ती रीत.

तिनं हँडल सोडलं न्हाई. तोंड लाल. "भासऱ्यापुढं वर कशी बसू?" एवढंच म्हणाली. गाडी सोडली असती तर दादाच्या पायावर गेली असती. बसली असती तर गावापुढं भासऱ्याची इज्जत गेली असती.  

दादानं कॅन तसाच धरून मान मागं वळवली. छाती कॅनला, तोंड थेट देवाकडं. मान वाकडी झाल्ती, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या.

"तिला म्हण, मला काही दिसत न्हाई. बस म्हणावं."

ती बसली. टाचेनं स्टँड वर घेतलं, दोन्ही पाय जमिनीवर रोवले अन् गाडी सरळ केली. गिअर टाकला. पहिला हिसका बसला, हँडल डगमगलं, मंग गेली. दादानं हात काढला तरी तोंड काही वळवलं न्हाई. आवाज ओढ्याच्या उताराला बुडाला तेव्हा वळला अन् मला उचलून पारावर बसवलं.

दुधाचा वास मारून राह्यला होता त्याच्या सदऱ्याला. मी म्हणालो, "दादा, गाडी पडली न्हाई."

"पडली असती."

"पण पडली न्हाई."

अधू म्हातारा म्हणाला, "मला तर पडल्याचा काही आवाज आला न्हाई."

दादानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं तंबाखू मळायला काढली.

मंग आम्ही बसून राह्यलो. ऊन पारावर चढलं. पुढं ओढा होता, ओढ्यात दगड, गाडी आता खाली आलेली, पोटाला घासायची भीती. मला एकेक दगड दिसून राह्यला होता. जेवायची वेळ टळली. आमचं पोरगं बोलवायला आलं तर दादानं त्याला हातानंच माघारी धाडलं. बाजाराचं तो काही बोलंना, अन् इचारायची माझी छाती होईना.

आवाज आला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. ती वळणावर दिसली. कॅन खडखडून राह्यले होते, म्हणजे रिकामे. पारावर दादाला बघून तिनं गाडी हळू केली. उतरू का नको, तिचा पाय जमिनीला लागत होता अन् उचलत होता.

दादा उठला, जागेवरच फिरला अन् मारुतीकडं तोंड करून बसला.

ती पदर दातात धरून, मान खाली घालून, बसल्या बसल्या पुढं गेली.

"गेली?" दादानं इचारलं.

"गेली."

"ते स्टँड लांब झालंय. आजच लोहाराकडून कापून घे. उद्या मी न्हाई धरणार." अन् तो जेवायला गेला.

मी कुबड्या घेऊन घराकडं निघालो. लांबूनच दिसली. ती दारात गाडी धरून उभी होती. स्टँड लावायची हिंमत न्हाई, बाभूळ लांब, अन् घरात दादा जेवत बसलेला, त्याला हाक मारायची न्हाई.

"जल्दी या की," ती वरडून राह्यली, "हात भरून आले माझे."

मी होईल तेवढा जल्दी चाललो.